स्विच ऑफ इट, की स्विच इट ऑफ?

आमच्या सोसायटीत पाण्याच्या मोटरच्या बटणाशेजारी एक पाटी लागली. पुण्यात पाटी लागणं ही काही बातमी नव्हे, पण ही इंग्रजीत होती, कारण नव्या भाडेकरूंपैकी निम्म्यांना मराठी येत नाही. 'व्हेन द टँक इज फुल, प्लीज स्विच ऑफ इट.' गुरुवारच्या पाणीबंदीनंतर शुक्रवारी टाकी भरून वाहिली की सगळ्यांचाच जीव तळमळतो, त्यामुळे पाटी हवीच होती. दोन दिवसांत कुणीतरी लाल पेनाने 'इट'भोवती गोल काढला आणि बाणाने त्याला 'स्विच' आणि 'ऑफ' यांच्या मध्ये नेऊन बसवलं.

सेक्रेटरी काका वैतागले. "'स्विच ऑफ द मोटर' चालतं ना? मग 'मोटर'च्या जागी 'इट' घातलं तर काय बिघडलं? नामाऐवजी सर्वनाम येतं, एवढं आम्हालाही शाळेत शिकवलंय."

काकांचा प्रश्न बिनतोड होता. (त्या वाक्यातलं 'इट' मोटरपेक्षा टाकीलाच जास्त लागू होतं, हा मुद्दा मी काढला नाही.) लाल पेनवाल्याचं बरोबर होतं, पण का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. 'कानाला बरं वाटत नाही' एवढंच.

आता गंमत बघा. 'लुक ॲट द मोटर' बरोबर, 'लुक ॲट इट'ही बरोबर. इथे मात्र 'लुक इट ॲट' म्हटलं तर लाल पेन पुन्हा बाहेर येईल. 'ॲट' आणि 'ऑफ' दिसायला सारखेच चिमुकले शब्द, दोन्ही क्रियापदाच्या मागून येणारे. पण एक सर्वनामाला आपल्या नंतर उभं करतो, दुसरा आपल्या आधी.

कारण ते दोघे वेगवेगळ्या घरचे आहेत. 'ॲट' नामाच्या घरचा. 'ॲट द मोटर' हा एक गठ्ठा आहे, उचलायचा तर अख्खा उचलावा लागतो. 'ऑफ' क्रियापदाच्या घरचा. 'स्विच ऑफ' मिळून एकच क्रिया होते, आपलं 'बंद करणं'. शाळेच्या व्याकरणात पहिल्याला शब्दयोगी अव्यय म्हणतात आणि दुसऱ्याला क्रियाविशेषण. पण हे क्रियाविशेषणही जरा लाडावलेलं आहे. इंग्रजी सहसा क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये क्रियाविशेषणाला बसू देत नाही. आपण 'मी रोज चहा पितो' म्हणतो आणि 'मी चहा रोज पितो' असंही म्हणतो, इंग्रजीत 'आय ड्रिंक ऑफन टी' म्हटलं की मास्तर कान पिळतात. फ्रेंचमध्ये नेमकी हीच जागा योग्य ठरते. 'ऑफ'ला मात्र 'स्विच ऑफ द मोटर'मध्ये त्याच बंदी असलेल्या जागेवर खुर्ची मिळते.

कधी कधी एकच शब्द दोन्ही घरी नांदतो. 'ही लुक्ड ओव्हर द वॉल' म्हणजे तो भिंतीवरून पलीकडे डोकावला. 'ही लुक्ड ओव्हर द बिल' म्हणजे त्याने बिल तपासलं. रचना हुबेहूब तीच. आता नामाच्या जागी सर्वनाम घाला. भिंतीचं होतं 'लुक्ड ओव्हर इट', बिलाचं होतं 'लुक्ड इट ओव्हर'. रसायनशाळेत लिटमस कागद बुडवावा तसं सर्वनाम बुडवायचं आणि 'ओव्हर' कोणाच्या घरचा आहे ते बघायचं.

पण 'इट' मध्येच का घुसतं? इथे कान उपयोगी पडतो. इंग्रजी वाक्यात सगळा जोर साधारणपणे शेवटाकडे सरकतो. 'इट'मध्ये नवीन माहिती काहीच नसते. मोटरबद्दल बोलणं चाललंय हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून 'इट' जोर न लावता, जवळजवळ गिळून उच्चारलं जातं. अशा हलक्या शब्दावर वाक्य संपवायला इंग्रजी नाखूश असते. 'ऑफ'वर चांगला आघात येतो, तो शेवटी शोभतो. उलट 'बी विंगवाल्यांनी काल रात्री चालू ठेवलेली ती मोटर' एवढं लांबलचक कर्म 'स्विच' आणि 'ऑफ'च्या मध्ये कोंबलं, तर 'ऑफ' येईपर्यंत ऐकणाऱ्याचा दम निघतो. ते कर्म शेवटीच जातं. हलकं आधी, जड नंतर, ही ओढ ओटो बेहागेल या जर्मन अभ्यासकाने 1909 साली नियम म्हणून मांडली होती.

जर्मनचा विषय निघालाच आहे, तर मॅक्समुल्लर भवनात जर्मनचे वर्ग केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे 'बंद करणे' हा 'आउसमाखन' असा एकसंध शब्द आहे, पण आज्ञा देताना तो फुटतो: 'माख एस आउस'. मध्ये बसलेलं 'एस' म्हणजे आपलं 'इट'च.

आणि ही काही फक्त युरोपातली खोड नाही. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातली सातवी ऋचा घ्या: 'उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम् । नमो भरन्त एमसि'. यातला 'उप' हा उपसर्ग शेवटच्या 'एमसि' या क्रियापदाचा, पण दोघांमध्ये अख्खी ऋचा पसरली आहे. आणि 'उप'ला लगटून कोण बसलंय? 'त्वा', म्हणजे 'तुला', एक हलकं, आघातहीन सर्वनाम. पाणिनीने हे टिपलं. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात तो आधी सांगतो, 'ते प्राग्धातोः', उपसर्ग धातूच्या आधी येतात. लगेच पुढच्या दोन सूत्रांत वेदांपुरती सूट देतो: तिथे ते नंतरही येतील, आणि मध्ये दुसरे शब्दही असू शकतील. पुढे संस्कृतने उपसर्ग धातूला डिंकाने चिकटवून टाकले. इंग्रजीने ते मोकळे सोडले.

इंग्रजीचा 'अप' हा आपल्या 'उप'चा सख्खा भाऊ, आणि 'ऑफ' हा 'अपहरण'मधल्या 'अप'चा. दोन्ही जोड्या एकाच मूळ भाषेतून आलेल्या. काकांना हे सांगितलं तेव्हा पाटीवरचा त्यांचा राग बराच उतरला.

घर कोणाचं, हा प्रश्न नामाच्या घरच्या गठ्ठ्यांनाही चुकत नाही: अख्खा गठ्ठा आधीच्या नामाला जोडायचा, की क्रियापदाला? 'आय सॉ अ बॉय ऑन द टेरेस विथ अ टेलिस्कोप.' गच्चीवर कोण, मी की मुलगा? दुर्बीण माझ्याकडे, मुलाकडे, की गच्चीवर बसवलेली? अशा वाक्यात एक गठ्ठा असेल तर रचना दोन होतात, दोन असतील तर पाच, तीन असतील तर चौदा, चार असतील तर बेचाळीस. गणितात यांना कॅटलन संख्या म्हणतात. संगणकाला इंग्रजी शिकवणाऱ्यांची 1980च्या दशकात या संख्यांनी चांगलीच दमछाक केली. माणूस मात्र बेचाळीसपैकी एक्केचाळीस अर्थ न बघताच टाकून देतो.

मराठीत हे काम एक अक्षर करतं. 'मी गच्चीवर मुलगा पाहिला' आणि 'मी गच्चीवरचा मुलगा पाहिला'. 'चा' लागला की गठ्ठा नामाकडे गेला, नाही लागला तर बहुतेक क्रियापदाकडे. शिवाय चा-ची-चे बदलतात, त्यावरून गठ्ठा कोणत्या नामाचा तेही कळतं. 'पुण्याच्या मामाचं घर' म्हटलं तर मामा पुण्याचा, 'मामाचं पुण्याचं घर' म्हटलं तर घर पुण्याचं.

फक्त पुढे प्रत्यय लागून सामान्यरूप झालं, की चा-ची-चे सगळे मिळून 'च्या' होतात आणि खूण पुसली जाते. मागच्या महिन्यात आईचा फोन आला, "पुण्याच्या मामाच्या घरातला गीझर बंद करून ये." मला मामा दोन. एक राहतो पुण्यातच, कर्वेनगरला. दुसरा राहतो मुंबईत, पण त्याचं एक बंद घर कोथरूडला आहे. मी आधी कर्वेनगरला गेलो. मामीने चहा केला आणि म्हणाली, "आमचा गीझर तर सोलरचा आहे रे."