टेनिस एल्बो: एका इंजेक्शनने दुखणं कायमचं जात नाही

टेनिस एल्बो म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं. त्यावर ‘कोपरात एक स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्या, दुखणं कायमचं जातं,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पहिले काही आठवडे आराम पडतो, हे खरं. पण ब्रिस्बेनमधल्या १६५ रुग्णांवरच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात स्टिरॉइड घेतलेल्या ५४ टक्के लोकांचं दुखणं उलटलं; नुसतं सलाइन टोचलेल्यांत १२ टक्के. कारण स्टिरॉइड सूज उतरवतं, आणि हे दुखणं मुख्यतः सुजेचं नाहीच. मनगट उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी झिजलेला असतो; कपडे पिळताना, कढई उचलताना कळ येते ती तिथेच. त्याला हळूहळू ताकद द्यावी लागते. हात टेबलावर, पंजा कडेबाहेर, तळवा खाली, हातात हलकं वजन. मनगट अगदी सावकाश खाली सोडायचं. धीर धरा, बहुतेकांचं कोपर वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरं होतं. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.