नाशिकहून अमेरिकेत 'ऱ्हेटरिक अँड रायटिंग'मध्ये पीएच.डी. : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

भाषण, पत्रक, निवेदन, बातमी किंवा वेबसाइट वाचणाऱ्याला कशी पटते आणि लेखन वर्गात कसे शिकवावे, याचा अभ्यास म्हणजे हा विषय. कथा-कविता लिहिण्याचा अभ्यासक्रम वेगळा असतो. व्हर्जिनिया टेक, मिशिगन स्टेट, पर्ड्यू, कार्नेगी मेलन, सिरॅक्यूज, टेक्सास टेक इथे पीएच.डी. करता येते, पण नाव आणि रोख बदलतो. टेक्सास टेकचा भर तांत्रिक लेखनावर आहे. म्हणून आधी तिथल्या प्राध्यापकांचे काम वाचा, मगच यादी करा. सहा-आठ विद्यापीठे पुरतात.

पात्रता : बहुतेक ठिकाणी एम.ए. मागतात. इंग्रजी, भाषाविज्ञान, पत्रकारिता चालते. मराठीतले एम.ए.सुद्धा चालू शकते, मात्र इंग्रजीत सलग युक्तिवाद लिहिता येतो हे अर्जासोबतच्या लेखनाच्या नमुन्यातून दिसले पाहिजे. तीन वर्षांच्या बी.ए.वर थेट अर्ज करणे काही विद्यापीठांना मान्य नसते. पदवी मुक्त विद्यापीठाची असेल तर शुल्क भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला ईमेल करून विचारा. जी.आर.ई. ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा बहुतेक विभागांनी बंद केली आहे. टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र बहुतेक ठिकाणी लागते आणि निकाल दोन वर्षेच चालतो. त्यातले 'स्पीकिंग'चे गुण नीट बघा. तुम्हाला तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवायचे असते, त्यामुळे शिकवणाऱ्यांसाठी ही अट प्रवेशाच्या अटीपेक्षा कडक असते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो लेखनाच्या नमुन्याला. साधारण १५ ते २५ पाने मागतात. एम.ए.चा प्रबंध जसाच्या तसा कापून पाठवला की फसतो, कारण आपल्याकडच्या प्रबंधात लेखकाचा परिचय आणि कथानकाचा सारांश यांतच पहिली वीस पाने जातात. निवड समितीला पहिल्या दोन पानांत प्रश्न आणि तुमचे म्हणणे दिसायला हवे. एकच प्रकरण घ्या, सारांश काढून टाका, मराठी उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर सोबत द्या, संदर्भ एकाच पद्धतीने लिहा. विषयासाठी दूर जायची गरज नाही. १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि त्यातली पत्रके, १९३५ ची येवल्याची घोषणा, मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांचा मसुदा : असे साहित्य तिथल्या फार थोड्या अर्जदारांच्या हाती असते. ही आपली खरी ताकद आहे, ती वापरा.

उद्देशपत्र दोन पानांचे. त्यात बालपण नको. कोणता प्रश्न, आतापर्यंत काय केले, याच विभागात का, आणि शिकवण्याचा अनुभव. ज्युनियर कॉलेजमध्ये तासिका तत्त्वावर शिकवले असेल तर तेही लिहा. सगळ्या विद्यापीठांना एकच पत्र पाठवले की ते ओळखू येते.

शिफारसपत्रे तीन. प्राध्यापकांना ईमेलवर लिंक जाते. त्यांचा कॉलेजचा ईमेल पत्ता द्या, खाजगी पत्त्यावरून आलेल्या पत्राची शंका घेतली जाते. 'तूच लिहून आण, मी सही करतो' हे मान्य करू नका. पत्राची आणि उद्देशपत्राची भाषा एकच निघते आणि अर्ज तिथेच संपतो. त्याऐवजी सरांना किंवा मॅडमना तुमचा नमुना आणि केलेल्या कामाची यादी द्या. मुदती बहुतेक १ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात असतात आणि त्याआधी सत्र परीक्षा व दिवाळीची सुटी येते. विनंती सप्टेंबरमध्येच करा.

गुणपत्रकांबाबत घाई नको. अर्ज करताना बहुधा सगळ्या सत्रांच्या गुणपत्रकांची स्कॅन प्रत चालते, विद्यापीठाचे अधिकृत ट्रान्सक्रिप्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात. त्यामुळे पदवी-मूल्यांकन संस्थेला (आपली पदवी अमेरिकेतल्या कोणत्या पदवीइतकी हे ठरवणाऱ्या) पैसे भरण्याआधी अट वाचा. खरी अडचण नावाची असते. पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी आणि आईचे नावही असते, पासपोर्टवर क्रम वेगळा. टोफेल, अर्ज, व्हिसा सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव भरा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला जवळ ठेवा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या.

पैसा : प्रत्येक अर्जाला साधारण ६० ते १०० डॉलर लागतात. काही विभाग विचारल्यावर शुल्क माफ करतात, विचारायला संकोच नको. शिक्षण शुल्क माफ आणि अध्यापन सहायकाचे मानधन मिळत नसेल तर ती जागा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मानधन किती महिन्यांचे, आरोग्य विमा आणि इतर फी कोण भरणार, हे लेखी विचारा. नऊ महिन्यांच्या मानधनात उन्हाळ्याचे महिने येत नाहीत. मानधनासह आलेल्या प्रस्तावाचे उत्तर १५ एप्रिलपर्यंत द्यायची मुभा बहुतेक विद्यापीठे देतात, त्याआधी कोणी घाई केली तर ही तारीख नम्रपणे सांगा.

होकारानंतर विद्यापीठ आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा दाखला) पाठवते. त्यावरचे नाव आणि रक्कम तपासा, ३५० डॉलरचे सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे) शुल्क भरा, डी.एस.-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरा (त्यात पाच वर्षांतली समाजमाध्यमांची खाती लिहावी लागतात), मग १८५ डॉलरचे व्हिसा शुल्क भरून मुलाखतीची वेळ घ्या. बोटांचे ठसे आणि मुलाखत हे दोन वेगळे टप्पे, दोन्ही मुंबईत. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात होते. सकाळची वेळ मिळाली तर पंचवटी एक्स्प्रेसवर विसंबू नका, आदल्या रात्रीच मुंबई गाठा.