रोबो-समूहाचे समन्वयन

एकाच कामावर अनेक रोबो सोडले की कोणी काय करायचे, कोणत्या वाटेने जायचे आणि समोरासमोर आल्यावर कोणी थांबायचे, हे ठरवण्याची पद्धत. रोबो दुप्पट केले म्हणून काम दुप्पट होतेच असे नाही. गर्दी वाढली की ते एकमेकांच्याच वाटेत येतात.

मोठ्या गोदामांत सूत्रे बहुधा मध्यवर्ती संगणकाकडे असतात. ही पद्धत रुळवण्यात किवा सिस्टिम्स या कंपनीचा मोठा वाटा आहे; अ‍ॅमेझॉनने ती २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. ठेंगणा रोबो रॅकखाली शिरतो आणि अख्खा रॅक उचलून माणसापुढे आणतो. टक्कर टाळायची तर जमिनीचे चौकोन पाडून कोणता चौकोन कोणत्या क्षणी कोणाचा, हे आधीच राखून ठेवता येते. पण अरुंद बोळात दोघे समोरासमोर आले आणि मागे तिसरा उभा असला, की कोंडी ठरलेलीच. सगळ्यांसाठी एकदम सर्वोत्तम वाटा काढणे गणिताच्या दृष्टीने महाकठीण. म्हणून प्रत्यक्षात पुढच्या काही पावलांपुरतेच बेत आखतात आणि ते सतत बदलत राहतात.

कामवाटपासाठी ‘लिलाव’ योजतात. नाव लिलावाचे, प्रकार मात्र निविदेचा : काम जाहीर होते, प्रत्येक रोबो आपल्याला पडणारा खर्च कळवतो आणि सर्वांत स्वस्त बोलीला काम मिळते. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेला ‘कॉन्ट्रॅक्ट नेट’ हा संगणकांमधील कामवाटपाचा नियमसंच याचा पूर्वज. यात एक खोट आहे. जवळचा रोबो नुकताच दुसऱ्या कामाला लागलेला असतो, आणि त्याच्या शेजारी निघालेले काम लांबच्याच्या गळ्यात पडते.

थवा पद्धतीत मुकादमच नसतो. हार्वर्डमध्ये मायकेल रुबेन्स्टाइन, राधिका नागपाल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये १,०२४ ‘किलोबॉट’ एकत्र चालवले. प्रत्येक जेमतेम ३३ मिमी रुंदीचा. तीन ताठ पायांवर, कंपन करणाऱ्या दोन मोटरींच्या जोरावर सरपटणारा. तो अवरक्त किरणांनी फक्त जवळच्या शेजाऱ्यांशी बोलतो. चार रोबो स्थिर बसवून खूण दिली जाते; त्यांच्यापासून आपण कितव्या टप्प्यावर आहोत, हे बाकीचे एकमेकांना विचारत मोजतात. मग कडेचे रोबो घोळक्याला चिकटून फेरी मारतात आणि ठरलेल्या आकृतीत योग्य जागी पोचले की थांबतात. अशी एक चांदणी तयार व्हायला सुमारे १२ तास लागत. मोजमापातली लहानशी चूक शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे वाढत जाई, त्यामुळे कडा जरा वाकड्या येत. आणि एखादा मंद निघाला, की त्याच्यामागे रांग तुंबे.