दुकानाचा पत्ता कोणाच्या हाती? छोट्या व्यवसायांच्या ऑनलाइन वावराची पार्श्वभूमी

३ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम या खटल्याचा निकाल दिला. वाद ‘यलो पेजेस’चा होता. धंद्यांची नावं, फोन नंबर आणि जाहिराती असलेली पिवळ्या पानांची जाडजूड यादी खासगी कंपनीला छापता येईल का? टेलिफोनधारकांची यादी काढण्याचा हक्क फक्त आपला, असं निगमचं म्हणणं होतं. व्यापारी जाहिरात हाही अभिव्यक्तीचाच भाग आहे आणि राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ)चं संरक्षण तिलाही आहे, असं न्यायालयाने ठरवलं आणि पिवळ्या पानांचा रस्ता मोकळा झाला. त्यानंतर बाराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. कागदी यादीचा हक्क कोर्टात जिंकला गेला आणि त्याच महिन्यात तिला पुढे मागे टाकणारी गोष्ट देशात आली.

छोट्या धंद्याने ऑनलाइन का यावं, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘जमाना बदललाय’ एवढ्यावरच उरकलं जातं. गेल्या तीस वर्षांकडे पाहिलं तर खरी गोष्ट वेगळी दिसते. गिऱ्हाइकाला दुकान सापडण्यासाठी जी यादी लागते, ती कायम दुसऱ्या कोणाच्या तरी हातात राहिली आहे: आधी टेलिफोन खातं, मग डिरेक्टरीवाले, मग सर्च इंजिन आणि ॲप. यादी चालवणाऱ्याने अटी बदलल्या की ज्याच्याकडे स्वतःचं काहीच नव्हतं त्याला फटका बसला.

पहिली काही वर्षं इंटरनेट छोट्या माणसासाठी नव्हतंच. फोनच्या तारेवरून चालणाऱ्या संथ डायलअप जोडणीला, तीही वर्षाला ठरावीक तासच, हजारो रुपये पडत. तरीही १९९६ मध्ये दोन कंपन्या निघाल्या, ज्यांनी इंटरनेट नसलेल्या धंदेवाल्यालाच गिऱ्हाईक मानलं. दिल्लीतल्या इंडियामार्टने निर्यातदारांचे कॅटलॉग संकेतस्थळावर चढवले. परदेशातून चौकशीची ईमेल आली की ती कागदावर उतरवून त्या कारखान्याला फॅक्सने पाठवायची, कारण कारखानदाराकडे ईमेल नसे. मुंबईत जस्टडायल सुरू झालं ते फोनवर. प्लंबर हवाय म्हणून फोन केला की पलीकडचा माणूस नावं सांगायचा, पैसे भरलेल्यांची आधी. वेबवर जस्टडायल आलं ते २००७ मध्ये. म्हणजे नोंद ऑनलाइन, निरोप मात्र जुन्याच वाटेने, हीच या वावराची पहिली पायरी होती.

मराठी धंद्यांची एक अडचण यापेक्षा खोल होती आणि तिचा उल्लेख फारसा होत नाही. नव्वदच्या दशकात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं काम श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये चाले. पडद्यावर ‘साडी सेंटर’ दिसे, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर तेच नाव अगम्य खुणांच्या ओळीसारखं उमटे. सर्च इंजिनलाही त्या खुणाच वाचता येत. यावर सोपा उपाय म्हणून डीटीपीवाले मराठी मजकुराचं चित्र करून पानावर डकवत. वाचणाऱ्याचं काम भागे, शोधणाऱ्याला मात्र त्यातलं काही सापडत नसे. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या समान कोडपद्धतीत देवनागरी १९९१ पासूनच होती, पण घराघरांतल्या संगणकांवर ती नीट दिसायला विंडोज एक्सपीचा काळ उजाडावा लागला.

ही सवय अजून गेलेली नाही. आजही कित्येक खानावळी मेन्यूकार्डाचा फोटो टाकून मोकळ्या होतात, आणि फ्लेक्सवाल्याकडून आलेली जाहिरात तशीच प्रोफाइलवर चढते. चित्रातली अक्षरं शोधयंत्र वाचेलच याचा भरवसा नाही. पदार्थांची नावं आणि दर टाइप करूनच टाकावेत. शिवाय बरंच गिऱ्हाईक मराठी शब्द रोमन लिपीत शोधतं. ‘लग्नाची बस्ता साडी’, ‘डोहाळजेवण ओटी साहित्य’ हे शब्द वर्णनात दोन्ही लिप्यांत असावेत. छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची करणारी कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्रात २०२२ मध्ये झाली. त्यामुळे रस्त्यावर मराठी पाटी आणि नकाशावर त्याच दुकानाचं नुसतं इंग्रजी नाव असा प्रकार सर्रास दिसतो.

२००५ पर्यंत डॉट इन हे डोमेन, म्हणजे ‘.in’ने संपणारं संकेतस्थळाचं नाव मिळवणं किचकट होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये डॉट भारत हे देवनागरी डोमेनही आलं, मराठी आणि कोकणीसह. नोव्हेंबर २०११ मध्ये गूगलने होस्टगेटर या संकेतस्थळांना जागा पुरवणाऱ्या कंपनीला सोबत घेऊन छोट्या धंद्यांना फुकट संकेतस्थळ आणि डॉट इन नाव देण्याची मोहीम काढली, पण फुकट होतं ते एक वर्ष. दुसऱ्या वर्षीचे पैसे भरायचं ज्याच्या ध्यानात राहिलं नाही त्याचं नाव गेलं.

डोमेनमध्ये सगळ्यात जास्त काय बिघडतं? नाव घेताना वेबसाइट बनवणारा ते स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. मालकाकडे पावती असते, चावी नसते. दोन वर्षांनी तो माणूस नोकरीसाठी दुसरीकडे गेला की नूतनीकरणाच्या सूचना त्याच्याच ईमेलवर जात राहतात. डॉट कॉमची मुदत संपली की नोंदणी कंपनी आपल्या नियमांनुसार काही दिवसांची सवलत देते. नाव रद्द झाल्यावर ३० दिवस ते दंड भरून सोडवता येतं, आणि पुढे ५ दिवसांत ते सर्वांना खुलं होतं. म्हणून रजिस्ट्रारकडचं, म्हणजे या नोंदणी कंपनीकडचं खातं मालकाच्याच ईमेल आणि मोबाइलवर हवं. तसं नसेल तर हस्तांतराचा कोड मागून घ्यावा. नवं घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं नाव साधारणपणे ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, तेव्हा हे काम मुदत संपायच्या तोंडावर काढू नये.

याच काळात एक गोष्ट मात्र छोट्या माणसाच्या मालकीची झाली, ती म्हणजे मोबाइल नंबर. मे २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे लागेनासे झाले आणि रंगारी, गवंडी, दूधवाला यांनाही नंबर वाटता येऊ लागला. २० जानेवारी २०११ ला नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर आली. त्या दिवसापासून पाटीवर रंगवलेला नंबर कंपनीच्या मर्जीवर राहिला नाही. छोट्या धंद्यांच्या दृष्टीने ही सुधारणा कुठल्याही ॲपपेक्षा मोठी होती, असं माझं मत आहे.

नकाशावरची नोंद हा पुढचा टप्पा. गूगलची ही सोय नावं बदलत आली: जून २०१४ पासून माय बिझनेस, नोव्हेंबर २०२१ पासून बिझनेस प्रोफाइल. मालकी पटवण्यासाठी पूर्वी पोस्टकार्ड यायचं, त्यावर पाच अंकी पिन असे. गल्लीबोळातल्या पत्त्यावर ते पोचत नसे, पोचलं तर शेजारच्या पोऱ्याच्या हाती पडे. आता बहुतेकदा व्हिडिओ मागतात. तो न थांबवता, न कापता, किमान ३० सेकंदांचा घ्यायचा असतो आणि त्यात तीन गोष्टी दिसाव्या लागतात. पहिली, दुकान त्याच जागी असल्याची खूण: रस्त्याची पाटी, शेजारची दुकानं. दुसरी, धंदा खरा असल्याची खूण: दुकानाची पाटी, माल, यंत्रं. तिसरी, तो तुम्हीच चालवता याचा पुरावा: किल्लीने शटर उघडणं, गल्ला उघडणं. व्हिडिओ फेटाळला जातो तो बहुधा तिसऱ्या गोष्टीवर. लोक दुकान छान दाखवतात, कुलूप उघडताना मात्र फोन खिशात असतो.

नावातही घोळ होतो. पाटीवर ‘श्री गणेश इलेक्ट्रिकल्स’ असताना प्रोफाइलवर ‘श्री गणेश इलेक्ट्रिकल्स पुण्यातील सर्वोत्तम फॅन गिझर दुरुस्ती’ असं लिहिलं तर ते नियमात बसत नाही आणि नोंद स्थगित होऊ शकते. तसं झाल्यावर पाटीचा फोटो, दुकानाचा परवाना, वीजबिल अशी कागदपत्रं देऊन अपील करावं लागतं. या सगळ्यांवरचं नाव आणि पत्ता एकसारखा नसेल तर तेही अडतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, त्याच सुमारास यूपीआयची ॲप येऊ लागली आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं, आणि पुढे, नोव्हेंबर २०१९ पासून, ज्याला संकेतस्थळ कधीच जमलं नसतं त्याला फोनवरच कॅटलॉग ठेवता येऊ लागला. त्यातली एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवलेला निरोप ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच जातो. तेव्हा पहिल्या ऑर्डरच्या वेळीच ‘नंबर सेव्ह करा’ म्हणून सांगायला हवं.

माल ॲपवर चढवणं मात्र करांमुळे अडलेलं होतं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. पुढे, एप्रिल २०१९ पासून, महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागेनाशी झाली. पण तोच माल ई-कॉमर्स कंपनीमार्फत विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती, आणि कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला तिथे माल विकायला मुभाच नव्हती. गावातली पापड-मसाल्याची बाई ॲपवर का आली नाही, याचं कारण तिच्या तंत्रज्ञानाच्या भीतीत शोधणाऱ्यांनी हा नियम वाचलेला नसतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून दोघांनाही वाट मिळाली, पण राज्याच्या आतल्या विक्रीपुरतीच. नोंदणी नसलेल्याला पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक घ्यावा लागतो.

राज्याबाहेर विकताना गंमत होते. देवगडच्या बागायतदाराने ताजा हापूस थेट बंगळुरूला पाठवला तर ताजं फळ करमुक्त असल्याने, आणि तो दुसरं करपात्र काही विकत नसल्याने, त्याला नोंदणी लागत नाही. त्याच पेटीत आंबापोळीची दोन पाकिटं विकत घातली की करपात्र मालाची परराज्यात विक्री होते आणि उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावी लागते. तीच पाकिटं पुण्याला गेली असती तर प्रश्न नव्हता. अधिसूचित हस्तकलेच्या वस्तूंना या बाबतीत ठरावीक उलाढालीपर्यंत सूट आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत सगळे एकदमच ऑनलाइन ढकलले गेले. वाण्यांनी सामानाच्या याद्या व्हॉट्सॲपवर घेतल्या, पैसे यूपीआयवर. त्याच वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे साड्या, मेकअप, खाद्यपदार्थ दाखवून गिऱ्हाईक जमवलेल्यांचा सगळा जमाव एका रात्रीत गेला. नाव-नंबरांची वही नव्हती त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. जानेवारी २०२४ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा ज्या दुकानदारांचे पैसे तिथल्याच खात्यात जमा होत त्यांना १५ मार्चपर्यंत दुसरं खातं जोडावं लागलं.

त्याच मार्चमध्ये गूगलने बिझनेस प्रोफाइलमधून बनवलेली फुकट संकेतस्थळं बंद केली. काही आठवडे तो पत्ता उघडला की नकाशावरची नोंद दिसे, १० जूननंतर तेही थांबलं. व्हिजिटिंग कार्डावर, पिशवीवर, टेम्पोच्या मागे छापलेला पत्ता निकामी झाला. ज्यांनी स्वतःचं डोमेन त्या पानाकडे वळवलेलं होतं, त्यांनी ते दुसरीकडे वळवलं आणि छापलेलं सगळं चालू राहिलं. वर्षाला हजाराच्या आसपास जाणाऱ्या नावाचा उपयोग इतका उघडपणे क्वचितच दिसतो. पागडीच्या खोलीत संगमरवर बसवण्याआधी माणूस जसा विचार करतो, तसा फुकटच्या पानावर मेहनत घेण्याआधी करावा.

म्हणून कार्डावर काय छापायचं याला महत्त्व आहे. स्वतःचं डोमेन आणि स्वतःच्या नावावरचा मोबाइल नंबर छापावा. इन्स्टाग्रामचं हँडल, जस्टडायलचा दुवा, ऑर्डरच्या ॲपचं नाव या गोष्टी डोमेनवरच्या एका साध्या पानावर ठेवाव्यात, म्हणजे बदलायला सोप्या जातात. दुकानाचं सिमकार्ड कामगाराच्या नावावर नको, आणि प्रोफाइलचा मुख्य मालक म्हणून एजन्सीचं खातं नको. एजन्सीला व्यवस्थापक म्हणून जोडता येतं आणि काम संपल्यावर काढून टाकता येतं. गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर महिन्यातून एकदा फाइलमध्ये उतरवून ठेवावेत, कारण फोन हरवला आणि बॅकअप नसला तर व्हॉट्सॲपमध्ये गिऱ्हाइकांना लावलेली लेबलंही जातात.

दुकान त्याच गावात दुसऱ्या जागी हलवताना बरेच जण नकाशावर नवी नोंद करतात आणि जुनी तशीच सोडतात. मग गिऱ्हाईक बंद शटरसमोर जाऊन उभं राहतं आणि वर्षांनुवर्षांचे अभिप्राय जुन्या नोंदीवर अडकून पडतात. जुन्याच प्रोफाइलमध्ये पत्ता बदलावा, खूण नव्या दारावर ओढून आणावी आणि नव्या पाटीचा फोटो त्याच दिवशी टाकावा. पुन्हा पडताळणी मागितली जाऊ शकते, तेव्हा पाटी लागल्यानंतरच हे काम करायला घ्यावं.