एक शिसे, तीन आकार

वाशीची ‘ब्रिट’ ही सरकारी संस्था रुग्णालयांना किरणोत्सारी औषधे पुरवते. टेक्निशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचे इंजेक्शन घेऊन स्कॅन करताना शरीरातून १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (हे ऊर्जेचे एकक) ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर पडतात आणि कॅमेरा ते टिपतो. हा आकडा म्हणजे टेक्निशियमच्या केंद्रकातल्या दोन ऊर्जापातळ्यांमधला फरक. म्हणूनच तो कधी बदलत नाही.

असे आकडे नीट वाचले की केंद्रकाचा आकारही कळतो. पूर्ण गोल केंद्रक कसेही फिरवले तरी त्यात काहीच बदलत नाही, त्यामुळे क्वांटम नियमांत त्याच्या फिरण्याला अर्थ नाही. जांभळासारखे लांबट केंद्रक मात्र फिरते. ते मंदावताना एकेक पातळी खाली उतरते आणि प्रत्येक उतरणीला एक गॅमा किरण सोडते. वर्णपटात हे किरण जवळपास समान अंतराने दिसतात. अंतर जितके कमी, तितके केंद्रक अधिक ताणलेले. भारतीय भौतिकशास्त्रज्ञांची ‘इंगा’ ही यंत्रणा हेच काम करते. द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवलेले तिचे जर्मेनियमचे शोधक कुलाबा, दिल्ली आणि कोलकाता इथल्या त्वरकांवर (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांवर) आळीपाळीने वापरले गेले आहेत.

आता शिसे-१८६ पाहा, म्हणजे ज्याच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून १८६ कण आहेत ते शिसे. नेहमीच्या शिशातल्या सर्वांत जड स्थिर समस्थानिकात (प्रोटॉन तितकेच, न्यूट्रॉन वेगळे असलेल्या प्रकारात) १२६ न्यूट्रॉन असतात, यात फक्त १०४. प्रोटॉन ८२च. ८२ प्रोटॉनांनी कवच (केंद्रकातल्या ऊर्जापातळ्यांचा एक गट) पुरते भरते, म्हणून केंद्रक गोल राहायला हवे, आणि मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, स्थितीत ते राहतेही. पण प्रोटॉनांची एखादी जोडी वरच्या कवचात गेली, तर तिची बाहेरच्या न्यूट्रॉनांशी ओढ वाढते. न्यूट्रॉनांची कवचे ८२ आणि १२६ला पुरती भरतात, आणि १०४ ही संख्या या दोहोंच्या बरोबर मध्यावर येते, त्यामुळे ही ओढ इथे सर्वाधिक प्रभावी ठरते. जोडी वर नेण्यासाठी खर्चलेली ऊर्जा आकार बदलून बव्हंशी वसूल होते. एक जोडी वर गेली की केंद्रक चपटे होते, दोन गेल्या की लांबट.

या दोन स्थिती गोल स्थितीच्या वर केवळ ५३२ आणि ६५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर आहेत. केंद्रकाला एकत्र बांधणाऱ्या एकूण ऊर्जेच्या दोन हजाराव्या हिश्शाहूनही हे कमी! मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

पण इथे गॅमा किरण अडतात. तिन्ही स्थितींचा कोनीय संवेग (फिरण्याचे माप) शून्य आहे, आणि गॅमा किरणाला निघताना थोडा तरी कोनीय संवेग सोबत न्यावाच लागतो. त्यामुळे एका आकारातून दुसऱ्यात थेट उतरताना एकटा गॅमा किरण सुटूच शकत नाही. केंद्रक त्याऐवजी ती ऊर्जा अणूतल्या आतल्या इलेक्ट्रॉनला देऊन त्याला बाहेर फेकते. जर्मनीत डार्मस्टाट इथे अल्फा कण सोडून शिसे-१८६ बनणाऱ्या पोलोनियम-१९०चा ऱ्हास तपासताना अल्फा कणांच्या जोडीने हेच इलेक्ट्रॉन सापडले, आणि २००० साली शिसे-१८६च्या तिन्ही आकारांची नोंद प्रसिद्ध झाली.