१३७ वरून ७२: जमैकातील किशोरवयीन मातृत्वाचा आलेख

जमैका या कॅरिबियन बेटावरील देशात १९७५ साली १५ ते १९ वर्षे वयाच्या दर हजार मुलींमागे वर्षाला १३७ बाळे जन्माला येत होती, आणि २००८ च्या पाहणीत हा आकडा ७२ वर आलेला दिसला. ही दोनच टोके पाहिली तर प्रवास सरळ उताराचा वाटतो. पण मधल्या पाहण्यांचे आकडे वेगळे आहेत: १९८९ मध्ये १०२, १९९३ मध्ये १०७, १९९७ मध्ये ११२ आणि २००२ मध्ये ७९. नमुना पाहणीत थोडाफार फरक योगायोगानेही पडतो, त्यामुळे १०२ वरून ११२ ही खरी वाढ होती असे ठामपणे म्हणता येणार नाही. मात्र सुमारे आठ वर्षे घट थांबली होती, हे नक्की.

हा थांबा समजून घेण्यासाठी प्रौढ स्त्रियांकडे पाहावे लागते. याच देशात एका स्त्रीला सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या १९७५ मधील ४.५ वरून १९८९ पर्यंत २.९ इतकी खाली आली होती. कुटुंबनियोजनाची सरकारी यंत्रणा १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली आणि ‘दोन पुरेत’ या आशयाचा तिचा प्रचार घरोघरी पोहोचला. परंतु हा संदेश मुळात ज्यांना आधीच मुले आहेत अशा जोडप्यांसाठी होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा प्रश्न पहिलीच गर्भधारणा लांबवण्याचा असतो. दवाखान्यात साधने मागायला जाण्याचा तिला संकोच वाटतो आणि तिथे तिचे स्वागत होईलच असेही नाही. म्हणूनच एकूण जननदर झपाट्याने उतरत असताना किशोरवयीन दर मागे रेंगाळला, असे मला वाटते.

आपल्याकडे कमी वयातील मातृत्व म्हटले की बालविवाह डोळ्यांसमोर येतो. मालदीवमध्येही बाळंतपणे जवळपास सगळी विवाहातच होत, त्यामुळे तिथे लग्नाचे वय वाढले तसा हा दर कोसळला. २००१ पासून लागू झालेल्या कौटुंबिक कायद्याने विवाहाचे किमान वय १८ ठरवले, तेव्हा हा बदल आधीच वेगात होता. जमैकात मात्र बहुसंख्य मुले विवाहाबाहेर जन्मतात आणि त्या समाजात ते जुने, रुळलेले वास्तव आहे. तिथे विवाहाच्या कायद्याने फारसे काही साधले नसते. शाळा आणि आरोग्यसेवा यांच्याच वाटेने जावे लागले.

शाळेच्या वाटेवरचे एक काम विशेष लक्षात राहते. गरोदर राहिलेल्या मुलीला शाळा सोडावी लागे आणि तिथेच तिचे शिक्षण बहुधा संपत असे. १९७८ मध्ये राजधानी किंग्स्टन येथे अशा मुलींसाठी ‘विमेन्स सेंटर’ सुरू झाले. तिथे त्या गरोदरपणात अभ्यास चालू ठेवतात, समुपदेशन घेतात आणि बाळंतपणानंतर नियमित शाळेत परततात. पुढे या केंद्राच्या शाखा देशभर निघाल्या. केंद्रात आलेल्या मुलींमध्ये लगेच दुसऱ्यांदा गरोदर राहण्याचे प्रमाण कमी आढळले. हा परिणाम महत्त्वाचा आहे, कारण कोवळ्या वयातील लागोपाठची बाळंतपणे आई आणि बाळ दोघांच्याही प्रकृतीला जड जातात. शाळकरी मातांना पुन्हा शाळेत सामावून घेण्याचे राष्ट्रीय धोरण २०१३ मध्ये आले, म्हणजे पहिल्या केंद्रानंतर तब्बल ३५ वर्षांनी.

बेटांवरील असे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. जमैकाची लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास आहे, पण प्रशांत महासागरातील तुवालू या बेटांच्या देशाची सुमारे १० हजार. एवढ्या लहान देशात या वयोगटातील मुली समजा ५०० असतील, तर वर्षाला २० बाळे जन्मल्यास दर ४० येतो आणि पुढच्या वर्षी २६ जन्मल्यास तो ५२ होतो. केवळ सहा जन्मांनी दर ३० टक्क्यांनी वाढलेला दिसेल, जरी समाजात काहीच बदललेले नसले तरी. त्यामुळे अशा देशांत एका वर्षाचा आकडा बाजूला ठेवून अनेक वर्षांची सरासरी घेतात. शिवाय या दराची व्याख्याच १५ वर्षांपासून सुरू होत असल्याने तेरा-चौदा वर्षांच्या माता त्यात मोजल्याच जात नाहीत, आणि सर्वाधिक काळजीची गरज तर त्यांनाच असते.