जायची वाट आणि परतीची वाट

कोल्हापूर स्टेशनवर उतरून अंबाबाईच्या देवळाची वाट विचारली, की सांगणारा म्हणतो, "दसरा चौकात जावा, तिथं कुणालाबी इचारा." सगळा रस्ता तो सांगत नाही, पुढचा चौक तेवढा सांगतो. राउटर, म्हणजे एका नेटवर्कमधला डेटा दुसऱ्या नेटवर्ककडे पोचवणारं यंत्र, हेच करतो. पॅकेटवरचा (डेटाच्या तुकड्यावरचा) मुक्कामाचा पत्ता वाचायचा, आपल्या तक्त्यात बघायचं आणि पुढच्या राउटरकडे सोपवायचं. तक्त्यातली नोंद माणसानं हातानं भरली असेल, तर तो झाला स्टॅटिक रूट.

समजा, एका फाउंड्रीचं ऑफिस उद्यमनगरात आणि कारखाना शिरोली एमआयडीसीत आहे. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१०.०, कारखान्याचं १९२.१६८.२०.०, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, हे सांगणारा आकडा) दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. मधल्या लाइनवर ऑफिसच्या राउटरचा पत्ता १०.०.०.१, शिरोलीच्या राउटरचा १०.०.०.२. ऑफिसच्या राउटरवर तीनच गोष्टी लिहायच्या: कारखान्याचं नेटवर्क, त्याचा मास्क आणि पॅकेट ज्याच्या हाती द्यायचं तो पत्ता, म्हणजे १०.०.०.२.

एवढं करून ऑफिसातून कारखान्यातल्या कॉम्प्युटरला पिंग केलं, म्हणजे "आहेस का?" असं विचारणारं पॅकेट पाठवलं, तर उत्तर येत नाही. नवशिका इथं केबल बदलतो, राउटर बंद-चालू करतो. पॅकेट मात्र शिरोलीला केव्हाच पोचलेलं असतं! कॉम्प्युटरनं उत्तरही दिलेलं असतं. पण १९२.१६८.१०.० कुठं आहे, हे शिरोलीच्या राउटरला कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून तो ते उत्तर टाकून देतो. त्याच्यावर उलटी नोंद हवी: १९२.१६८.१०.० साठी १०.०.०.१. जाणं आणि येणं हे राउटरच्या लेखी दोन वेगळे प्रवास आहेत. माझ्या मते स्टॅटिक रूट शिकताना पहिल्यांदा हेच समजून घ्यावं.

जिथली नोंदच नाही, तिथं जाणाऱ्या पॅकेटांसाठी ०.०.०.० हा डिफॉल्ट रूट असतो. एकाच पत्त्याला दोन नोंदी लागू पडल्या, तर जी जास्त नेमकी, म्हणजे कमी पत्त्यांपुरती, ती चालते.

स्टॅटिक रूटचं दुखणं कळतं ते वाट बंद पडल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. राउटरला असा पूर दिसत नाही. त्याचा स्वतःचा पोर्ट (केबल जोडायची जागा) मेला, तर नोंद तक्त्यातून निघते. पण बिघाड पुढे कुठं असेल आणि पोर्ट जिवंत असेल, तर तो पाण्यात गाड्या सोडाव्यात तशी पॅकेटं सोडतच राहतो.

म्हणून दुसऱ्या लाइनची आणखी एक नोंद करून ठेवतात. सिस्को कंपनीच्या राउटरवर स्टॅटिक रूटचा पसंतीचा क्रमांक १ धरलेला असतो. राखीव नोंदीला मुद्दाम २०० देतात. लहान आकडा जिंकतो, त्यामुळे पहिली नोंद असेपर्यंत दुसरी गप्प बसते आणि ती निघाली की वर येते. दूरचा बिघाड ओळखायला पलीकडच्या टोकाला सतत पिंग करत राहायची आणि उत्तर थांबलं की पहिली नोंद काढायची, अशी सोय लावता येते. हे सगळं शिरोलीच्या राउटरवरही करायचं, नाहीतर उत्तरं बंद वाटेनंच निघतील.

आणि दुसरी लाइन घेताना ती नदी कुठून ओलांडते, हे विचारून घ्यावं. दोन्ही केबल एकाच पुलावरून गेल्या असतील, तर तक्त्यात २०० लिहिलं काय आणि नाही लिहिलं काय.